एक काना

"एकपट मूग, अठरापट पाणी," असं स्वप्ना डॉक्टर जिन्यात उभ्याउभ्या म्हणाली, आणि हरिबांचा हात कठड्यावर जागच्या जागी थांबला. पाठीमागून कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारली असं त्यांना वाटलं. स्वप्नाचा आयुर्वेदाचा दवाखाना त्यांच्याच इमारतीत, शाहूपुरीतल्या त्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होता, आणि गेले चार दिवस ती दुपारी वर येऊन त्यांच्या बायकोची, अंजनाबाईंची नाडी पाहून जायची. "काका, लक्षात राहील ना? कुकर नको. उघड्या पातेल्यात, मंद आचेवर. फोडणी नाही. तेल नाही, तूप नाही, दूध-दही तर नाहीच. पुण्यामुंबईत हल्ली याला व्हिगन म्हणतात, आपल्याकडे पथ्य म्हणतात." ती हसली, मग तिचं हसू आवरलं. "काकींच्या पोटात आज काहीतरी गेलंच पाहिजे. नाही गेलं तर उद्या सकाळी पुन्हा ॲडमिट. नाकातून नळी घालतील. संयोगिताताईंना मी फोनवर तसं सांगितलंय." हरिबांनी मान हलवली. त्यांना विचारायचं होतं, अठरापटच ना, आठपट नव्हे ना. पण तोवर ती खाली उतरून गेली होती, आणि त्यांचे बहुतेक प्रश्न आयुष्यभर जिथं राहत आले तिथंच, जिभेच्या मागं, हाही राहिला.

आत अंजनाबाई खिडकीकडं तोंड करून पडल्या होत्या. कावीळ उतरली होती, रिपोर्ट चांगले होते, इस्पितळातून घरी येऊन पाच दिवस झाले होते, पण त्यांनी अन्नावरची वासना अशी काढून घेतली होती की जणू ते दुसऱ्या कुणाचं सामान आहे. शेजारून पेज आली, खिमटी आली, लेकीनं, संयोगितानं, पुण्याहून फोनवरून कुठलं तरी सूप मागवलं. सगळ्याकडं त्यांनी एकदा बघितलं आणि डोळे मिटले. कुठल्याही घरात फोडणी पडली की त्यांना मळमळायचं. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता, दुपारच्या उन्हात विरघळल्यासारखा. हरिबांना क्षणभर वाटलं, बाई तिकडं बघतबघतच हळूहळू त्या डोंगरासारख्या धूसर होत जातील, आणि आपण शेजारी पुस्तक घेऊन बसलेले असू, आणि आपल्याला कळणारही नाही.

"काय म्हनली डाक्टरीन?" त्यांनी न वळता विचारलं.

"मुगाचं कढण द्या म्हणाली."

"कोन करनार?"

"मी."

आता त्या वळल्या. "तुमी? तुमास्नी च्या करायचं पातेलं घावत न्हाई."

"घावंल की."

"गॅस बंद करायचा तेवढा ध्यानात ठेवा. न्हाईतर मी न जेवता जायाची आनि तुमी जेवून."

हे त्या पाच दिवसांतलं सगळ्यात लांब बोलणं होतं. हरिबा त्या आवाजाच्या आधारानं स्वयंपाकघरात गेले.

स्वयंपाकघर त्यांना तसं अनोळखी होतं. एकदाच, निवृत्त झाल्यावर, त्यांनी सगळ्या डब्यांवर आपल्या बारीक वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. अंजनाबाईंनी काही म्हटलं नव्हतं. फक्त पुढच्या काही वर्षांत डब्यांमधल्या वस्तू आपल्या सोयीनं हलवल्या होत्या. चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. 'साखर' लिहिलेल्या डब्यात मूग निघाले. 'मेथी'त जिरं होतं. सुंठ 'चहा पावडर'मध्ये. हरिबा एकेक झाकण उघडून आत बघत राहिले. आपण लिहिलेलं एकही अक्षर या घरात खरं नव्हतं, आणि घर इतकी वर्षं बिनघोर चाललं होतं.

मूठभर मूग त्यांनी ताटात पसरले आणि निवडायला घेतले. हे काम मात्र त्यांच्या बोटांना माहीत होतं. एकेका दाण्यावरून नजर न्यायची, खडा दिसला की थांबायचं. सांगलीच्या छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं हेच केलं होतं. तिथला बिराप्पा नावाचा जुळारी, जतकडचा, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवताना कानडीत गुणगुणायचा आणि त्यांना चिडवायचा, "हरिबा, तुमी पुस्तकं वाचत न्हाई गड्या, पुस्तकातल्या उवा काढता." ते खरंही होतं. मुद्रितशोधकाला मजकूर वाचायचा नसतो, अक्षरं वाचायची असतात. चुकीच्या अक्षरावर लाल रेघ, समासात बरोबर अक्षर. आणि रेघ चुकून बरोबर शब्दावर पडली, तर त्या शब्दाखाली छोटी टिंबं द्यायची. टिंबांचा अर्थ, आहे तसं ठेवा. हरिबांच्या प्रुफांवर अशी टिंबं फार असायची. आधी खोडायचं, मग शंका यायची, मग टिंबं. बिराप्पा म्हणायचा, "तुमचं प्रूफ म्हंजी मुंग्या लागलेली साखर."

फक्त एकदाच त्यांना शंका आली नव्हती.

मूग कढईत कोरडेच परतायला घेतले, आणि थोड्या वेळानं तो वास आला. भाजक्या मुगाचा, मातीसारखा, उन्हात वाळवलेल्या धोतरासारखा वास. त्या वासात माधवनगर होतं. गिरणीचा भोंगा होता, पाळी सुटल्यावर सायकलींची रांग होती, वडिलांच्या केसांत अडकलेला कापूस होता. दोन खोल्या होत्या आणि दुसऱ्या खोलीत टायफॉइडमधून उठलेली आई होती, बायडाबाई. आणि चुलीपुढं पलूसहून आलेली एकोणीस वर्षांची नवी सून. लग्नाला चार महिने झाले होते. ती सातवी शिकलेली होती. त्या गल्लीतल्या बायकांत तेवढी एकटीच पुस्तक वाचणारी. नवऱ्यानं तपासलेलं एक चोपडं तिनं पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं होतं, आणि ओठ हलवत त्यातलं एक पान वाचत होती. दादासो वैद्यांचं 'घरचे पथ्य'. शेवटच्या पानावर, छापखान्याच्या नावाखाली, बारीक ठशात 'मुद्रितशोधन' असं लिहून पुढं हरिबांचं नाव होतं. ती ते शेजारणींना बोट ठेवून दाखवायची.

त्या पुस्तकाचं प्रूफ त्यांच्या पुढ्यात आलं तेव्हा दुपार होती. कढणाच्या पानावर बिराप्पानं जुळवलं होतं, 'अठापट पाणी घालावे.' अठापट असा शब्द नाही, हे हरिबांना लगेच दिसलं. वैद्यांचं हस्तलिखित म्हणजे मुंगीनं शाईतून पाय ओढत नेल्यासारखं, त्यातून काही लागेना. ते उठून वैद्यांच्या घरी गेले. वैद्य ओसरीवर झोपले होते, पोटावर पंचा, तोंड किंचित उघडं. हरिबा प्रूफ हातात घेऊन दहा मिनिटं उभे राहिले. खोकून पाहावं असं वाटलं. खोकला आला नाही. एक माशी वैद्यांच्या कपाळावर बसली आणि उडाली. हरिबा परत फिरले, आणि त्या परतीच्या वाटेवर, तापलेल्या रस्त्यावर, त्यांच्या डोक्यात ते लख्ख आलं: काना पुढच्या अक्षरावर गेलाय. काना एक अक्षर मागं सरकवला की झालं. अठापट नव्हे, आठपट. किती सोपं, किती देखणं. छापखान्यात पोचल्यावर त्यांनी लाल पेन्सिलीनं तो काना मागं सरकवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या कामाचा, कुणाला न सांगता, अभिमान वाटला. गळालेलं अक्षर 'र' होतं. बिराप्पाच्या बोटांतून एक खिळा खाली पडला होता, तो फरशीवर कुठंतरी पडून राहिला. काना जागच्या जागीच होता.

कढईतून धूर निघाला तसे ते भानावर आले. दोनचार दाणे काळे झाले होते; ते त्यांनी वेचून काढले. आता पाणी. ज्या भांड्यानं मूग मोजाल त्याच भांड्यानं पाणी मोजा, असं स्वप्नानं सांगितलं होतं. नैवेद्याची छोटी वाटी त्यांनी घेतली; मूग बरोबर त्या वाटीभर निघाले. तिच्यावर मशीननं टोचून काढलेलं आईचं नाव होतं. एक. दोन. तीन. पाणी पातेल्यात पडताना प्रत्येक वाटीचा आवाज आधीच्या वाटीपेक्षा जरा भरीव होत गेला. आठव्या वाटीला त्यांचा हात आपोआप थांबला. पातेल्यातलं पाणी अगदी ओळखीचं दिसत होतं. पन्नास वर्षं या घरात एवढंच पाणी पडलं होतं.

त्या दिवशी चुलीपुढच्या सुनेनं एका वाटीला आठ वाट्या, चोख मोजून, कढण केलं होतं. आईनं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. "ह्ये कढान? चमच्यानं खायचं? भिताड लिंपाय बरं हाय." मग शेजारच्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पलूसच्या पोरीला कढान येत न्हाई बाई." हरिबा तिथंच होते. वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी वर्तमानपत्राच्या वरून बघितलं. सून उभी होती, हातात पदराचं टोक, आणि पिठाच्या डब्याशेजारी ते चोपडं. तिनं एकदा चोपड्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. पुस्तकात तसंच हाय, एवढं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. त्या एका नजरेनंच हरिबांना खडबडून जाग आली. दुसऱ्या दिवशी छापखान्यात लवकर जाऊन त्यांनी हस्तलिखित खिडकीच्या उजेडात धरलं. आता माहीत होतं म्हणून दिसलं: अठरापट. पाचशे प्रती बांधून तयार होत्या. वैद्यांनी छापील पुस्तक उघडलंच नव्हतं. मुखपृष्ठावरचा आपला फोटो तेवढा पाहून ते खूश झाले होते. हरिबांनी कुणालाच काही सांगितलं नाही. एक प्रत त्यांनी घरी आणली, 'आठपट' लाल पेन्सिलीनं खोडलं, समासात 'अठरापट' लिहिलं, आणि ती प्रत शब्दकोशाच्या मागं सरकवून दिली, जिथं या जन्मात कुणी हात घालणार नव्हतं. स्वयंपाकघरातली प्रत तशीच राहिली.

आणि आई ते वाक्य विसरली नाही. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर ते पुढं यायचं. आमच्या सुनंला सगळं येतंय, कढान तेवढं येत न्हाई. बारशाला म्हणाली, डोहाळजेवणाला म्हणाली, मरायच्या आदल्या आठवड्यात हसतहसत, प्रेमानंसुद्धा म्हणाली. प्रत्येक वेळी हरिबांच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या आणि प्रत्येक वेळी सांगायची वेळ निघून जायची. सूनही हट्टाची, तिनं कढण कधी पातळ केलं नाही. आठपटच. पुढं संयोगिताला तेच आवडायला लागलं, घट्ट, भाकरी कुस्करून. ती सासरहून आली की म्हणायची, आई, तुझं कढण कर. हरिबाही तेच खात आले. चुकीची चव त्यांच्या जिभेवर बसून गेली होती, आणि त्यांना जे कधीच कळलं नाही ते हे: त्या दिवशी ती गप्प का राहिली. तिला चूक माहीतच नव्हती, की तिनं आपल्याला झाकलं? काही रात्री ते एक मानायचे, काही रात्री दुसरं.

आठ झाल्या होत्या की नऊ? त्यांनी पातेलं मोरीत रिकामं केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी एकेका वाटीमागं डब्यातला एकेक मूग ओट्यावर ठेवत गेले. अठरा दाणे एका ओळीत, जुळवलेल्या खिळ्यांसारखे. ते दोनदा मोजले. मग भाजलेले मूग घालून पातेलं गॅसवर चढवलं.

असला स्वयंपाक त्यांनी कधी ऐकला नव्हता. शिट्टी नाही, मोहरीची तडतड नाही, तेलात काही पडल्याचा चर्र आवाज नाही. एवढ्या पाण्यात तेवढेसे मूग तळाशी दिसत होते, एखाद्या विहिरीच्या तळाशी पडलेल्या पानांसारखे. नुसतं एक खोल, झोपेतल्या श्वासासारखं खदखदणं. फेस वर आला तो त्यांनी चमच्यानं काढला. पुन्हा आला, पुन्हा काढला. वाफेनं चष्मा पांढरा झाला, आणि तो पुसावा असं त्यांना वाटेना. त्या पांढऱ्यात त्यांना आई दिसली, ओसरीवरचे वैद्य दिसले, बिराप्पा गुडघ्यांवर बसून फरशीवर काहीतरी शोधताना दिसला. "घावलं का रं?" असं ते त्याला विचारणार होते, तेवढ्यात फोन वाजला. संयोगिता होती. "आप्पा, तुम्ही कशाला गॅसपाशी? मी उद्या सकाळी निघतेच आहे. हॉस्पिटलशी बोललेय मी. आईनं नाही खाल्लं तरी तुम्ही मनाला लावून घेऊ नका." "नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "उतू जाईल," आणि फोन ठेवला. उतू जाण्यासारखं पातेल्यात काही नव्हतं.

दीड तासानं मूग फुटले. पाण्याला रंग आला, पावसाळ्यानंतरच्या कृष्णेचा, हिरवट-पिवळा. त्यांनी रवीनं घोटलं, गाळलं, चिमूटभर सैंधव, तेवढीच सुंठ, कोरडं भाजून चुरडलेलं जिरं. चव बघायची हिंमत होईना. शेवटी बघितली. काहीच नव्हतं, आणि मग गिळल्यावर, उशिरा, काहीतरी होतं. त्यांनी तीच वाटी भरली आणि ऊन कलता कलता आत नेली.

अंजनाबाईंना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी वाटीत बघितलं. "ह्यात मूग कुठं हायत?"

"गाळलेत."

"पानी लय झालंय."

"अठरापट आहे."

"आठपट असतंय. पुस्तकात हाय." आजारी आवाजातही ते ठाम होतं. "माझ्याकडनं ऐकायचं व्हतं की आदी."

हरिबा खुर्चीच्या कडेवर बसले. वाटीची ऊब बोटांतून मनगटापर्यंत येत होती. खिडकीतला डोंगर आता निळा झाला होता. त्यांना वाटलं, उद्या या नाकात नळी असेल आणि मग आपल्याला सांगता येणार नाही, किंवा सांगितलं तरी तिला उत्तर देता येणार नाही, आणि आपल्याला तेच बरं वाटेल. आणि तेच बरं वाटेल याची त्यांना इतकी भीती वाटली की तोंडातून शब्द निघाले.

"पुस्तकात चुकलंय."

"काय?"

"अठरापट पाहिजे होतं. बिराप्पाचं एक अक्षर पडलं आणि मी ते आठ केलं. मी. आईनं तुला नावं ठेवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं. तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

पन्नास वर्षं त्यांनी या वाक्यानंतरची तीन उत्तरं मनात वाचून, तपासून ठेवली होती. ती चिडेल. ती रडेल. किंवा ती म्हणेल, मला ठावं व्हतं की. तिसऱ्यावर त्यांची सगळ्यात जास्त भिस्त होती.

अंजनाबाई छताकडं बघत राहिल्या. खाली कुणीतरी स्कूटर लावली. मग त्या म्हणाल्या, "मंग आत्याबाई बरुबर व्हत्या म्हना."

सासूला त्या शेवटपर्यंत आत्याबाईच म्हणायच्या.

"मी त्यास्नी मनात अडानी म्हनायचे," अंजनाबाई म्हणाल्या. "त्या बोलायच्या तवा मी म्हनायचे, बोल बोल. तुला वाचाय येत न्हाई. छापलेलं हाय, माझ्या मालकानं तपासलेलं हाय. तुला पुस्तक दाखवून काय करू. अठरा वर्सं तिच्या हाताखाली काढली मी, ह्या एका गोष्टीवर." त्या थांबल्या, दम लागला होता. "आनि म्हातारी खरं बोलत व्हती."

ते माफी मागणार होते. तो शब्द त्यांना छापील वाटला, आणि तो कुणाकडं मागायचा हेही नीट कळेना. त्यातली अर्धी माफी माधवनगरच्या त्या दुसऱ्या खोलीत जायला हवी होती. वाटी निवत होती.

"आना हिकडं," अंजनाबाई म्हणाल्या.

"आँ?"

"वाटी आना. बघू आत्याबाईंचं कढान कसं लागतंय."

अंजनाबाईंनी वाटी दोन्ही हातांनी धरली. वाटीवरच्या सासूच्या नावावरून त्यांचा अंगठा एकदा फिरला. पहिला घोट त्यांनी तोंडातच ठेवला, आणि हरिबा त्यांच्या गळ्याकडं बघत राहिले. गळा हलला. दुसरा घोट. तिसऱ्यानंतर त्या म्हणाल्या, "मीठ बेताचं हाय."

"सैंधव."

"त्येच की." चौथा. वाटीचा तळ दिसला तशी ती त्यांनी पुढं केली. "अर्दी आना आनकी."

हरिबा उठताना खुर्चीला अडखळले. अर्धी वाटी आणली. तीही हळूहळू गेली. अंजनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, "वाईट न्हाई. पर पानीच हाय. आज आत्याबाईंचं झालं. उद्या माझं करा."

"तुझं म्हणजे?"

"आठपट."

"डॉक्टर अठराच म्हणाली."

"मंग परवा करा. त्येरवा करा. पर करा." आणि थोड्या वेळानं, झोपेच्या काठावरून, "आवं, गॅस?"

"बंद केलाय," ते म्हणाले, आणि बघायला गेले. बंद होता. ओट्यावर अठरा मूग तसेच ओळीत होते. त्यांनी ते ओंजळीत घेऊन 'साखर' लिहिलेल्या डब्यात टाकले. चिठ्ठी काढून टाकावी म्हणून नख लावलं, पण काढली नाही.

मग ते कपाटाकडं गेले. शब्दकोशाच्या मागं हात घालायला खुर्ची लागली. ते चोपडं कडेनं पिवळं पडलं होतं, टाचण्या गंजल्या होत्या. पान आपोआप उघडलं. लाल रेघ आता विटकरी दिसत होती, समासातलं 'अठरापट' त्यांच्याच पण तरुण, घाबरलेल्या अक्षरातलं. त्यांनी खिडकीशी, उरलेल्या उजेडात, पान धरलं. समासातलं अक्षर त्यांनी तसंच राहू दिलं. चष्मा पुसला. आणि खोडलेल्या शब्दाखाली, आ, ठ, प, ट, अशी अक्षरं बघत चार टिंबं दिली.